मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती?

आठवीच्या भूगोलात 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ' हा धडा आपण शिकतो. रेखावृत्तांमधला फरक काढायचा, त्याला चार मिनिटांनी गुणायचं, पूर्वेला असेल तर मिळवायचं, पश्चिमेला असेल तर वजा करायचं. परीक्षेत हे गणित हमखास येतं आणि बहुतेक मुलं ते बरोबर सोडवतात. पण त्या गणिताला माणसं लावली की ते वेगळंच दिसायला लागतं. म्हणून आज मी मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन शहरं घेतली आहेत. आपल्या तालुक्यातल्या किती घरांतली मुलं आज न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझा धाकटा भाऊही तिकडेच असतो.

आधी अंतर बघू. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. विषुववृत्ताचा पूर्ण फेरा ४०,०७५ किलोमीटरचा, म्हणजे हे अंतर त्याच्या एक तृतीयांशापेक्षा थोडंसंच कमी. कराड ते मुंबई रस्त्यानं ३१० किलोमीटर धरलं, तर कराड-मुंबई अशा चाळीस फेऱ्या मारल्या की एकदा न्यूयॉर्क गाठल्यासारखं होतं.

हे हवाई अंतर मोजायचं कुठून कुठे? भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर मुंबईहून निघालेली रेघ अरबी समुद्र ओलांडते, ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिक महासागरात शिरते आणि सरळ न्यूयॉर्कला जाते. वर्गात मी मुलांना विचारलं की विमान कुठून जात असेल, तर सगळ्यांनी हीच रेघ दाखवली. मग आम्ही प्रयोगशाळेतला पृथ्वीगोल आणला आणि शिवणकामाचा दोरा घेतला. एका मुलीनं मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, दुसरीनं न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा घट्ट ताणला. दोरा आफ्रिकेकडे गेलाच नाही! तो सरकून वर चढला. मुंबईहून सौराष्ट्र, सिंध, क्वेट्टाच्या आसपासचा भाग, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग रशियात मॉस्कोच्या जवळून, हेलसिंकीच्या जवळून, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्कला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, दोरा चुकीच्या दिशेनं चाललाय!"

दोरा बरोबर होता. आपल्याला पश्चिमेकडचं वाटणारं शहर गाठायला मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे, जरासं वायव्येला कलून निघावं लागतं. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणारं वर्तुळ. विषुववृत्त हे तसं एक वर्तुळ आहे, पण तसली वर्तुळं कुठूनही काढता येतात. आपल्या दोऱ्याची वाट ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जाते.

मग भिंतीवरच्या नकाशावरची रेघ? ती किती लांब पडते? जगाचा नेहमीचा आयताकृती नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा असेल (त्यानं तो १५६९ मध्ये काढला) तर त्यावरच्या सरळ रेघेनं मुंबई-न्यूयॉर्क अंतर साधारण १४,२०० किलोमीटर होतं. म्हणजे दीड हजार किलोमीटरहून जास्त वळसा. मर्केटरनं तो नकाशा दर्यावर्दी लोकांसाठी काढला होता, होकायंत्राची एक दिशा धरून गलबत नेता यावं म्हणून. त्या कामाला तो उत्तमच आहे. पण त्यात ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. माझं स्पष्ट मत असं की प्रत्येक शाळेत एक तरी पृथ्वीगोल असावा आणि तो कपाटावर धूळ खात न ठेवता मुलांच्या हातात द्यावा. रंग उडाला तरी चालेल.

आता वेळ. मोठं प्रवासी विमान उंचावर गेलं की ताशी साधारण ९०० किलोमीटरनं जातं. १२,५४० ला ९०० नं भागा. १३ तास ५६ मिनिटं. सातवीतला मुलगाही हे करील. पण वेळापत्रकात बघाल तर मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाला साधारण १६ तास लागतात, आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्याला साधारण साडेचौदा. वाट तीच, विमान तेच, मग दीड तासाचा फरक का?

इथं वर्गात दरवर्षी एक प्रश्न येतो. यंदाही आला. "बाई, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून यायला पाहिजे की! त्याला कमी वेळ लागायला हवा." प्रश्न हुशारीचा आहे. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५८० किलोमीटरनं पूर्वेकडे चाललेला असतो, विमानापेक्षाही जोरात. पण मुलांनो, चालत्या एसटीत तुम्ही उभ्या जागी उडी मारली तर मागच्या सीटवर पडता का? नाही. कारण एसटीचा वेग तुमच्या अंगात आधीच असतो. तसंच पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि विमान त्या वातावरणात पोहत असतं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्यानं थेट फायदाही नाही, तोटाही नाही.

फरक पडतो तो वाऱ्यानं. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय जोरदार वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात हे वारे काही वेळा ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातात. पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतात. सायकलवरून शाळेत येणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

शिवाय आपला दोरा जिथून जातो तिथून विमानाला जाऊ देतीलच असं नाही. आकाशालाही हद्दी असतात. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्ताननं आपलं आकाश बहुतेक विमानांना बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्या रशियावरून जात नाहीत. म्हणजे दोऱ्याचा निम्मा भाग सोडून वळसा घ्यायचा. किलोमीटर वाढतात, इंधन वाढतं, तिकीट वाढतं, तास वाढतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणणाऱ्या मुलींना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते पटलंही नाही. "एवढ्या वर कुणाची हद्द असते का?" असं एकीनं विचारलं. असते, असं उत्तर मी दिलं.

आता आपल्या धड्याकडे येऊ. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर धरतात. न्यूयॉर्कची प्रमाण वेळ ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावर. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून बेरीज करायची. १५७.५ अंश. गुणिले ४ मिनिटे, म्हणजे ६३० मिनिटे, म्हणजे साडेदहा तास. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, त्यामुळे त्या काळात फरक साडेनऊ तासांचा राहतो. परीक्षेत हे विचारत नाहीत. भाऊ तिकडे असला की मात्र लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर त्याच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपला फोन वाजतो.

एक गंमत बघा. समजा हिवाळ्यात एक विमान मुंबईहून रात्री १ वाजता निघालं आणि १६ तासांनी पोचलं. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे ५ वाजलेले असतील, पण न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसहा, आणि वार तोच. नुसत्या तिकिटावरच्या वेळा बघितल्या तर वाटेल की हे विमान साडेपाच तासांत पोचलं! आता उलटं. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालेलं विमान साडेचौदा तासांनी मुंबईत उतरतं, तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपारची १ वाजलेली असते. तिकिटावर पंचवीस तास दिसतात. साडेपाच आणि पंचवीस. यांची बेरीज करा, साडेतीस. आणि १६ अधिक साडेचौदा? तेही साडेतीसच. जाताना घड्याळातून जेवढे तास गळले तेवढेच येताना भरले गेले. म्हणजे कुठल्याही दोन शहरांची जाण्या-येण्याची वेळापत्रकं हातात असतील, तर वेळेतला फरक माहीत नसतानाही तुम्ही प्रवासाची सरासरी काढू शकता. साडेतीस भागिले दोन, सव्वापंधरा. हे घरी करून बघा. लंडन घ्या, टोकियो घ्या. फक्त विमान थेट जाणारं असू दे.

एवढं झालं पुस्तकातलं. पण अंतर आणि वेळ यांचा हिशेब एवढ्यावर संपत नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या बंदरातून त्यांची बोट सुटली आणि जूनच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने. वय अठरा, सोबत नवरा नाही. मागे राहिलेल्या गोपाळरावांना त्यांचं पत्र मिळायचं तेही बोटीनंच. त्या काळात तार होती, पण ती साध्या माणसाच्या खिशाला परवडणारी नव्हती. त्यामुळे घरची बातमी आणि घरचा माणूस साधारण एकाच वेगानं प्रवास करत. पुढे १९६० मध्ये एअर इंडियाची जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि दोन महिन्यांचा प्रवास एका दिवसावर आला. आज थेट विमानाला १६ तास पुरतात. माणसाचा वेग एवढा वाढला, आणि बातमीचा? तिला आता वेळच लागत नाही. ती इथं घडते आणि त्याच क्षणी तिकडे खिशातल्या फोनवर वाजते. दोन्हींचे वेग वाढले खरे, पण सारखे वाढले नाहीत.

आमचे अण्णा गेले तो जानेवारीतला मंगळवार होता. पहाटेचे साडेचार. मी माहेरीच होते, आठ दिवसांपासून त्यांची तब्येत बरी नव्हती. साडेचारला गेले आणि पावणेपाचला मी भावाला फोन लावला. तिकडे सोमवारची संध्याकाळ, सव्वासहा. तो ऑफिसातून नुकताच घरी येत होता, गाडी बाजूला घेऊन बोलला. त्याच्या फोनमध्ये आदल्या दिवसाची तारीख होती. नंतर कितीतरी दिवसांनी तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे अण्णा सोमवारी गेले." वर्षश्राद्धाच्या वेळी त्यानं हाच प्रश्न गुरुजींनाही विचारला. गुरुजी म्हणाले, इथली तिथी धरायची.

त्या दिवशी मात्र प्रश्न तिथीचा नव्हता. ओसरीवर चुलते बसले होते, गावातली चार जाणती माणसं आली होती. काकांनी मला बाहेर बोलावलं. "पोरी, तू शाळेत शिकवतीस. नीट हिशेब करून सांग, तो कधी पोचतोय?"

मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. भाऊ तिकडून फोनवर तिकिटं बघत होता, मी इकडे तास मोजत होते. त्या रात्रीच्या एकाही विमानात जागा मिळाली नाही. जी मिळाली ती दुसऱ्या दिवशीची, म्हणजे तिकडच्या मंगळवारी सकाळी ११ ची, आखातातल्या एका शहरात विमान बदलून. सकाळी ११ म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्रीचे साडेनऊ. तिथून साडेबारा तास आखातापर्यंत, म्हणजे बुधवारी सकाळी दहा. चार तास थांबायचं, दुपारी दोन. तीन तास मुंबईपर्यंत, संध्याकाळी पाच. उतरून पासपोर्टची रांग, सामान, बाहेर यायला दीड तास, साडेसहा. आणि मग सायन-पनवेलची संध्याकाळची गर्दी, एक्स्प्रेस वे, पुणे, खंबाटकी, सातारा. सात तास धरले. गुरुवारी पहाटे दीड.

मंगळवार पहाटे साडेचार ते गुरुवार पहाटे दीड. पंचेचाळीस तास. त्यांतले विमानात बसून काढायचे किती? साडेबारा आणि तीन, साडेपंधरा. बाकीचे साडेएकोणतीस तास जागा मिळण्यात, रांगेत, बाकड्यावर आणि रस्त्यावर. विमान ताशी ९०० किलोमीटरनं जातं हे मी कितीदा फळ्यावर लिहिलंय. कराडपर्यंतचं हवाई अंतरही जवळपास तेवढंच, साडेबारा हजार किलोमीटर. त्याला पंचेचाळीसनं भागलं तर ताशी पावणेतीनशेच्या आसपास येतं.

काकांना मी एवढंच सांगितलं, "परवा पहाटे." कुणी काही बोललं नाही. शहरात शवागार असतं, दोन दिवस ठेवता येतं, काहीजण तसं करतातही. एकानं कराडच्या दवाखान्याचं नाव काढलं. आईनं आतून ते ऐकलं. ती दारात आली आणि म्हणाली, "दोन दिस त्यांना थंड पेटीत ठेवू नका. त्याला सांगा, सावकाश ये, घाई करू नको."

मग अग्नी कुणी द्यायचा हा विषय निघाला. चुलतभाऊ होता, त्याचं नाव आलं. रीत तशीच आहे आमच्याकडे. आई म्हणाली, "थोरली हाय की घरात." एवढंच. काकांनी जरा वेळ खाली बघितलं आणि म्हणाले, "चल मग पोरी, अंघोळ कर."

मडकं खांद्यावर घेऊन मी चालले तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. तिकडे मध्यरात्रीनंतरचा एक. भावाला व्हिडिओवर दाखवायचं का असं भाच्यानं विचारलं. मी भावालाच विचारलं. तो म्हणाला, "नको ताई. फोन चालू ठेव फक्त, खिशात ठेव." तो तासभर फोनवर होता, एक शब्द बोलला नाही. आमच्यात साडेबारा हजार किलोमीटर होते, आणि स्मशानातल्या चिंचेवरच्या साळुंक्या त्याला ऐकू येत होत्या.

त्यानंतर मात्र तो कुठेच नव्हता. रात्री साडेनऊला विमान सुटलं आणि त्याचा फोन बंद झाला. भाच्यानं मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडून दिला. त्यात छोटं पिवळं विमान दिसतं, त्यावर बोट ठेवलं की उंची आणि वेग येतो. मी आईशेजारी बसून ते विमान अटलांटिकवरून सरकताना बघत होते. समुद्राच्या मध्यावर ते दिसेनासं व्हायचं आणि पुन्हा उगवायचं. आई दर थोड्या वेळानं विचारायची, "कुठवर आला?" मी सांगायची, "आयर्लंड आलं." "आता तुर्कस्तान." नकाशा हाती धरायला शिकवणारी मी, पण देशांची नावं इतक्या हळू आवाजात आधी कधी घेतली नव्हती. ती 'हं' म्हणायची आणि पुन्हा विचारायची.

भावानं नंतर सांगितलं की विमानात समोरच्या सीटच्या पाठीवर पडदा असतो, त्यावर उरलेलं अंतर, उरलेला वेळ आणि बाहेरचं तापमान दाखवतात. बाहेर उणे पन्नासच्या खाली होतं. सिनेमा नाही, जेवण नाही, तो बारा तास तेवढंच बघत बसला होता. "आकडा कमी होत होता ताई, आणि मला वाटत होतं, अजून थोडा राहू दे. घरी पोचलो की मग ते खरंच झालेलं असणार."

पहाटे पावणेदोनला जीप दारात आली. माझा हिशेब पंधरा मिनिटांनी चुकला, खंबाटकीत ट्रक बंद पडला होता म्हणून. त्याच दिवशी सकाळी सावडायला तो होता. राख सावडली, दुपारी आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. अस्थी त्याच्या हातांनी कृष्णा-कोयनेत सोडल्या.

पुढचे दिवस त्याला रात्री झोप लागायची नाही. त्याच्या अंगातलं घड्याळ अजून न्यूजर्सीत होतं. इथले रात्रीचे दोन म्हणजे त्याच्या शरीराला दुपारचे साडेतीन. शरीराचं हे घड्याळ साधारणपणे दिवसाला तासाभरानं सरकतं असं मानतात, आणि पूर्वेकडे येताना जास्त त्रास होतो, कारण दिवस लहान होतो आणि झोप लवकर आणावी लागते. साडेदहा तासांचा फरक, म्हणजे दहा-अकरा दिवस. तेरावा झाला तेव्हा कुठे तो रात्री झोपायला लागला, आणि चौदाव्या दिवशी त्याचं परतीचं विमान होतं. त्या जागरणाचा एक उपयोग झाला. आईलाही झोप नव्हती. दोघं रात्री दोन-तीन वाजता चुलीजवळ बसायचे, चहा करायचे, अण्णांच्या जुन्या गोष्टी काढायचे. मी मधेच जागी झाले की आतून आवाज ऐकू यायचे.

या गोष्टी मी वर्गात सगळ्या सांगितल्या नाहीत. गणित तेवढं सांगितलं, पंचेचाळीस तासांचं, कुणाचं ते न सांगता. आणि मुलांना घरचा अभ्यास दिला. तुमच्या घरचं लांब राहणारं एक माणूस निवडा, त्याचं हवाई अंतर पृथ्वीगोलावर किंवा नकाशावर काढा, आणि त्याला विचारा की निरोप मिळाल्यापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला किती तास लागतील. विमानाचे तास वेगळे लिहा, बाकीचे वेगळे.

वह्या आल्या. कुणी दुबईतला मामा लिहिला होता, कुणी पुण्याची आत्या, कुणी सुरतेतला भाऊ. दुबईचा मामा पुण्याच्या आत्यापेक्षा फार उशिरा येत नाही, हे दोघींनी वह्या शेजारी ठेवून बघितलं तेव्हा वर्गात बराच गोंधळ झाला. दुबईच्या मामाचा मालक पासपोर्ट स्वतःकडे ठेवतो, म्हणून त्या मुलीनं 'बाकीचे' या रकान्यात आकडाच लिहिला नव्हता, 'मालकावर' असं लिहिलं होतं.

एका मुलाचे वडील फौजेत आहेत, सध्या लडाखमध्ये. आपल्या जिल्ह्यात अशी घरं गावोगाव आहेत. त्यानं लेहपासून कराडपर्यंतचं हवाई अंतर पट्टीनं मोजून सुमारे १,९०० किलोमीटर काढलं होतं. न्यूयॉर्कच्या अंतराचा एक षष्ठांशही नाही. खाली वडिलांना फोनवर विचारून त्यानं मांडलं होतं: चौकीवरून खाली यायला एक दिवस, बर्फ असेल तर दोन. लेहला हवामान बघून विमान, कधी एक दिवस थांबावं लागतं, कधी तीन. चंदीगड, दिल्ली, तिथून रेल्वे, पुणे, मग एसटी. 'विमानातले तास' या रकान्यात दीड. 'बाकीचे' या रकान्यात त्यानं आधी ९६ लिहून खोडलं होतं आणि १२० केलं होतं. मी विचारलं, खोडलं का रे? तो म्हणाला, "बाई, पप्पा म्हणाले जास्तच लिही. आजी वाट बघत बसते."